सर्जनसाहेब, तुमचा चाकू कुणीकडे?

(आळेफाट्याला जमलेल्या तरुणांपुढे केलेलं भाषण. जसं बोललो तसंच ठेवलंय. छापताना फक्त आवरतं घेतलंय.)



मला आज डॉक्टरांवर बोलायला सांगितलंय. त्यातही सर्जनवर. दवाखाना सोडून, नाहीतर दवाखाना चालू ठेवून, निवडणुकीला उभा राहणारा सर्जन. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर पाठ मोडून घेतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. शरीराचं शास्त्र मला येत नाही. पण शरीर विकून जगणाऱ्यांची जमात मला ठाऊक आहे. सर्जनच्या टेबलावर आडवं पडायची पाळी सगळ्यात आधी याच जमातीवर येते. टेबलावर पडलेल्यानंही कधीतरी चाकूविषयी बोललं पाहिजे. म्हणून बोलतो.

आपण आळेफाट्याला जमलोय. हा फाटा म्हणजे नुसती एसटी बदलायची जागा नव्हे. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता इथं एकमेकाला छेदतात. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी पिढ्या इथनं माळशेज उतरून मुंबईला गेल्या. कुणी हमाल झाला, कुणी माथाडी, कुणी गिरणीत मेला. आता याच फाट्यावर उभं राहून चारी दिशांना बघा.

पश्चिमेला घाट उतरला की कल्याण. तिथले खासदार डॉ. श्रीकांत शिंदे, हाडांचे सर्जन. 2014, 2019, 2024 असे लागोपाठ तीनदा निवडून आले. पूर्वेला नगर, ज्याचं नाव आता अहिल्यानगर. तिथं 2019 ते 2024 खासदार होते डॉ. सुजय विखे पाटील, मेंदूचे सर्जन. उत्तरेला नाशिक ओलांडून पुढं धुळ्याला जा. तिथं 2014 ते 2024 डॉ. सुभाष भामरे, कॅन्सरचे सर्जन. 2016 ते 2019 ते देशाचे संरक्षण राज्यमंत्री होते. आणि आपण उभे आहोत तो शिरूर मतदारसंघ. इथं 2019 पासून नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे. ते सर्जन नव्हेत, एमबीबीएस. लोकांनी त्यांना आधी टीव्हीवर शिवाजी महाराज म्हणून पाहिलं, मग संभाजी महाराज म्हणून, आणि मग मतं दिली. 2024 ला लातूरच्या अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या जागेवरून डॉ. शिवाजी काळगे निवडून आले. ते डोळ्यांचे डॉक्टर.

म्हणजे हाडं झाली, मेंदू झाला, कॅन्सर झाला, डोळे झाले. एवढे डॉक्टर एका सरकारी दवाखान्यात एका वेळी सापडायचे नाहीत. लोकसभेत सापडतात.

माझं या माणसांशी वैर नाही. त्यांच्या पदव्या खऱ्या, मिळवलेली मतंही खरी. पण पेपरवाले एक वाक्य नेहमी छापतात: डॉक्टरसाहेब वैद्यकीय क्षेत्रातून राजकारणात आले. या वाक्याशी माझं भांडण आहे. जसं काही दवाखाना म्हणजे राजकारणाच्या बाहेरचा एखादा पवित्र गाभारा! जसं काही तिथं जात नाही, पैसा नाही, सत्ता नाही, आणि डॉक्टरसाहेब सोवळं नेसून तिथनं आपल्या चिखलात उतरले! खोटं आहे हे. सर्जन राजकारणात येत नसतो. तो आधीपासून राजकारणातच असतो. त्याचा चाकू कुणाच्या अंगावर फिरतो, कुणाच्या अंगावर फिरायलाच नकार देतो आणि कुणाच्या अंगावर नको तेव्हा फिरतो, हे सगळं राजकारण आहे. तो निवडणुकीला उभा राहिला की ते फक्त उघडं पडतं.

आधी नकाराचं बघू.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत एक प्रकरण नोंदवून ठेवलंय. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं. त्याचं पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बायको बाळंतीण झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही. गावच्या नगरशेठनं फीचे दोन रुपये मिळतील अशी हमी घेतली तेव्हा आला, पण वस्तीच्या बाहेर उभा राहिला. दोन दिवसांची बाळंतीण उचलून बाहेर आणावी लागली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं. मुसलमानानं नवऱ्याच्या हातात दिलं. नवऱ्यानं बायकोला लावलं. आणि थर्मामीटर त्याच वाटेनं परत गेलं. डॉक्टरनं लांबूनच निदान केलं, न्यूमोनिया. नंतर बघायला यायलाही तयार झाला नाही. बाई मेली.

दोस्तांनो, हे थर्मामीटर लक्षात ठेवा. तीन हातांतून फिरलेलं. मी आज पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आपली माणसं डॉक्टरला एवढी का भुलतात, ते या थर्मामीटरमुळं कळतं. शेकडो वर्षं ज्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही, त्याची नाडी एक माणूस हातात धरतो. पोट दाबून बघतो. जखम धुतो. शिवाय चाकू काही तीन हातांतून पाठवता येत नाही. सर्जनला स्वतः हात घालावाच लागतो, रक्तात बोटं बुडवावीच लागतात. म्हातारी म्हणते, "लई गुणाचा हाय गं डागदर, माझ्या पायाला हात लावला त्यानं." त्या एका स्पर्शावर तिचं मत जातं. पुढाऱ्यानं हजार भाषणं केली तरी हे मत मिळत नाही. सर्जन उभा राहतो तेव्हा त्याच्या खात्यावर हे भांडवल आधीच जमा असतं. ते त्यानं कमावलेलंही असतं, हे मी कबूल करतो.

मग तो निवडून येतो. आणि थर्मामीटर पुन्हा हातोहात फिरायला लागतं.

कसं, ते सांगतो. आमच्या गँगमधल्या एकाचा हात स्लिंग आणि मालाच्या मध्ये सापडला. दोन बोटांचा चेंदामेंदा. ज्या इस्पितळात नेला तिथं हाताचा सर्जन नव्हता. दुसऱ्यात नेला तर तिथं आधी पैसे. कुणीतरी म्हणालं, "साहेबाची चिठ्ठी आणा, काम होईल." आम्ही चिठ्ठीच्या मागे लागलो. वस्तीतला कार्यकर्ता, त्याच्या वरचा विभागातला माणूस, त्याच्या वरचा साहेबाचा पीए. तीन हात! चिठ्ठी मिळाली तिसऱ्या दिवशी. तोवर बोटं गेली होती. त्या पोरानं मला विचारलं, "चिठ्ठी कुणाची होती रे?" मी म्हटलं, "काय करतोस विचारून?"

पुढं मला कळलं की चिठ्ठीची गरजच नव्हती. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या इस्पितळांनी 10 टक्के खाटा निर्धन रोग्यांना मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2006 पासून महाराष्ट्रात लागू आहे. कायद्यातला हक्क आहे हा. आणि आपण त्याच हक्कासाठी साहेबाच्या दारात टोपी काढून उभे! हक्काची चिठ्ठी झाली की माणसाचा भिकारी होतो, आणि चिठ्ठी देणारा देव. सर्जन खासदार झाला आणि त्यानं मदत कक्ष उघडला, शिबिरं घेतली, चिठ्ठ्या वाटल्या, तर तो काही वाईट करत नाही. एकेकाचा जीव वाचतो. पण ज्या भोकातून माणसं पडतायत ते भोक तसंच राहतं, आणि भोकाशेजारी साहेबाचा फोटो लागतो.

2021 चा एप्रिल आठवा. करोनाची दुसरी लाट. रेमडेसिव्हिरसाठी माणसं रात्र रात्र औषधाच्या दुकानापुढं उभी. त्या दिवसांत नगरच्या सर्जन खासदारांनी खासगी विमानातून दिल्लीहून रेमडेसिव्हिर आणल्याची चित्रफीत स्वतःच लोकांपुढं ठेवली. त्यावर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका झाली. कायद्याचं काय व्हायचं ते कोर्टात होवो. मला त्या विमानाचं वाटतं. ज्याच्याकडे विमान आहे तो औषध आणतो, आणि आपण आभाळाकडे बघतो. दोस्तांनो, हा आरोग्याचा कार्यक्रम नव्हे. हा चमत्कार आहे. आणि चमत्काराविषयी आळ्याला येऊन बोलायचं नाही तर कुठं बोलायचं? ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात त्या रेड्याची समाधी इथं आळ्यातच आहे. रेडा वेद बोलला. रेड्याला समाधी मिळाली. पण त्या वेदाचा एक शब्द आमच्या बापाच्या कानावर पडू दिला नाही कुणी. चमत्कार असाच असतो. एकाला होतो, आणि बाकीच्यांनी हात जोडायचे असतात.

आता विमानातून खाली उतरून आकडे बघू.

सपाटीवर 30 हजार माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात 20 हजारांमागे एक. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय. कागदावर तिथं सर्जन पाहिजे, बाळंतपणाचा डॉक्टर पाहिजे, मुलांचा पाहिजे, फिजिशियन पाहिजे. केंद्र सरकारच्या स्वतःच्या 2021-22 च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत या पातळीवर देशभरात जेवढे सर्जन लागतात त्यातले 83 टक्के कमी होते. शंभर खुर्च्या, सतरा माणसं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं लिहून दिलं होतं की 2025 पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. 2021-22 ला, करोनात माणसं मेल्यावरसुद्धा, तो 1.84 टक्के होता.

या रिकाम्या खुर्चीतून काय निघतं? मार्च 2017, धुळं. डोक्याला मार लागलेला रोगी सरकारी रुग्णालयात आणला. तिथं मेंदूचा सर्जन नव्हता. दुसरीकडे हलवा, असं सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी बेदम मारलं. राज्यभरचे निवासी डॉक्टर चवताळून रजेवर गेले. पेपरात सगळ्यांनी नातेवाइकांना रानटी ठरवलं. मारणं वाईटच, मी त्याची बाजू घेत नाही. मार खाणारा पोरगा तीस-तीस तास ड्युटी करणारा, आणि मारणारे कुणाचा तरी जीव जाताना बघणारे. एकाच खड्ड्यात पडलेली माणसं एकमेकाला बुकलत होती. खुर्ची रिकामी ठेवणारा त्या खोलीत नव्हताच. आणि त्याच वेळी धुळ्याचे खासदार, स्वतः सर्जन, दिल्लीत संरक्षण खात्यात बसलेले. तोफा, रणगाडे! ज्याला पेशीतला कॅन्सर कळतो त्याला सरकारनं रणगाड्यावर बसवलं. म्हणजे पक्षाला त्यांचा चाकू नको होता, त्यांच्या नावापुढचं 'डॉ.' हवं होतं.

ऑगस्ट 2023, कळवा. ठाणे महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात 18 रोगी गेले. कळवा-मुंब्रा येतं कल्याण लोकसभेत. खासदार हाडांचे सर्जन, वडील तेव्हा मुख्यमंत्री. नोव्हेंबर 2021, नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी 11 करोना रोगी गेले. खासदार मेंदूचे सर्जन. मी कुणा एका खासदाराला खुनी म्हणत नाही. एक रुग्णालय महापालिकेचं, दुसरं राज्य सरकारचं, खासदाराच्या हातात किती असतं हे मलाही कळतं. पण मग मतं मागताना 'डॉ.' एवढं मोठ्या अक्षरांत का छापता? मेलेल्यांची जबाबदारी आली की खासदार, आणि मतांची वेळ आली की डॉक्टर! असं चालणार नाही.

आता चाकू नको तेव्हा कुठं फिरतो ते बघा.

आपल्या जुन्नरच्या पट्ट्यात ऊस आहे, बिबट्या आहे, साखर कारखाना आहे. तोडीला कोरड्या मुलखातून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम बुडलं की खाडा, खाड्याचा दंड. पाळी आली तरी काम. पोटात दुखलं तरी काम. मग गावाकडच्या खासगी दवाखान्यात कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. 2019 ला हे बाहेर आलं तेव्हा सरकारनं बीड जिल्ह्यात पाहणी केली. 82,309 ऊसतोड बाया तपासल्या. त्यातल्या 13,861 बायांची पिशवी काढलेली होती. सहांतली एक! हे राजकारण नव्हे? तिथं एकही सर्जन निवडणुकीला उभा नव्हता. सगळे आपापल्या दवाखान्यात पवित्र बसले होते. साखरेचा भाव, मुकादमाची उचल आणि सर्जनचा चाकू असं तिघांनी मिळून एका बाईच्या पोटावर सही केली. या तिघांतला एक जण उद्या आमदार झाला, तर तो राजकारणात 'आला' असं म्हणायचं का?

आणि चाकू हातात कुणाला मिळतो, तेही बघा. 22 मे 2019. डॉ. पायल तडवी. आदिवासी घरातली पोरगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. तिनं आत्महत्या केली. जातीवरून छळल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टर बायांवर झाला, त्यांना अटक झाली, खटला उभा राहिला. सप्टेंबर-ऑक्टोबर 2023, नांदेड. सरकारी रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू, त्यात 12 नवजात पोरं. त्यानंतर हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्याच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. कॅमेऱ्यासमोर. अधिष्ठाता आदिवासी. अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. बघा, आपला माणूस कॉलेजचा मुख्य झाला तरी पुढाऱ्याला त्याच्या हातात काय द्यावंसं वाटतं! औषधं का नव्हती, नर्सा किती कमी, हे विचारायला खासदाराला वेळ नव्हता. झाडू सापडला त्याला.

तुम्ही म्हणाल, मग काय, डॉक्टरनं राजकारण करूच नये? मी उलट म्हणतो. करावंच. पण दवाखान्यातून राजकारणात येताना त्यानं काय बरोबर आणलं ते आपण तपासावं. अॅप्रन आणला का निदान आणलं?

1848 साली प्रशियाच्या सरकारनं अप्पर सायलेशियातल्या टायफसच्या साथीची चौकशी करायला रुडॉल्फ फिर्खो नावाच्या तरुण डॉक्टरला पाठवलं. सरकारला वाटलं, हा औषधाचं नाव सांगेल. त्यानं परत येऊन लिहिलं की रोगाचं मूळ उपासमारीत आणि गुलामगिरीत आहे, आणि औषध म्हणून मागितली पूर्ण लोकशाही, शिक्षण, रस्ते, आणि कराचा बोजा गरिबावरून काढून श्रीमंतावर टाकणं. सरकारला राग आला. पुढं हाच माणूस बर्लिनच्या नगरपालिकेत आणि प्रशियाच्या विधिमंडळात बसला, बिस्मार्कशी भांडला, आणि बर्लिनच्या भुयारी गटारांसाठी झटला. निदान बरोबर घेऊन आलेला डॉक्टर असा असतो. त्याला माहीत होतं, गटार बांधणं हीसुद्धा शस्त्रक्रियाच आहे. आणि आपल्याकडे? 2013 चा कायदा माणसाला गटारात उतरवायला मनाई करतो. तरी आपली पोरं गटारात गुदमरून मरतात आणि सर्जन खासदार मॅरेथॉनला झेंडा दाखवतात.

परदेश लांब वाटत असेल तर सोलापूरला या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला सर्जन. 1938 ला काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जपानच्या हल्ल्याविरुद्ध लढणाऱ्या फौजेत. बाकीचे परतले, हा राहिला. बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचा प्रमुख झाला. आघाडीजवळ, बॉम्ब पडत असताना ऑपरेशनं केली. 1942 ला कम्युनिस्ट पक्षात गेला, आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला वयाच्या 32 व्या वर्षी मेला. त्याला मतदारसंघ नव्हता, विमान नव्हतं. त्यानंही राजकारणच केलं. फरक एवढाच की तो जिथं माणसं मरत होती तिकडं गेला.

आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात 1897 च्या प्लेगला यशवंत फुले यांनी गावाबाहेर माळावर दवाखाना घातला. सावित्रीबाई रोगी उचलून आणत होत्या. 10 मार्च 1897 ला त्याच प्लेगनं त्या गेल्या. फुल्यांच्या घरचा डॉक्टर मुलगा आणि फुल्यांच्या घरची आई. तिथं वैद्यक कुठं संपलं आणि राजकारण कुठं सुरू झालं, दाखवा मला.

शेवटी आपल्या डॉक्टरकडे येतो. आपल्या वस्तीत 'डॉक्टर' या शब्दाचा पहिला अर्थ स्टेथोस्कोपवाला नव्हता. डॉक्टर म्हणजे बाबासाहेब. या माणसानं आयुष्यात कुणाची नाडी बघितली नाही, चाकू धरला नाही. पण 1928 ला मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यानं पाठिंबा दिला, आणि बाळंतपणाचा बोजा सरकारनंही उचलावा असं मांडलं. 1929 ला तो कायदा झाला. इकडं काठेवाडात त्याच वर्षी एक बाळंतीण थर्मामीटरच्या वाटेकडे डोळे लावून मेली, आणि इकडं मुंबईत कायद्याच्या कलमानं बाळंतिणीला हात लावला. मधे कुणाचाही हात नाही. मेहेरबानीही नाही. हक्क! डॉक्टरनं राजकारणात करायचं ते हे.

1972 ला आपल्या आधीच्या पोरांनी ज्यांच्या नावावरून आपलं नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी तर उलटा रस्ता धरला. ते राजकारणातून दवाखान्यात गेले. काळ्या वस्त्यांत मोफत दवाखाने उघडले आणि 1971 पासून सिकलसेलची तपासणी घरोघर नेली, कारण हा रोग काळ्यांना होतो म्हणून गोऱ्यांच्या वैद्यकानं तिकडं पाहिलंच नव्हतं. सिकलसेल विदर्भातल्या आपल्या लोकांतही आहे, आदिवासींतही आहे. आपण नाव घेतलं. दवाखाना घ्यायचा राहिला.

म्हणून बोलणं संपवताना कामाचं सांगतो. घोषणा देऊन एसटीत बसायचं नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या प्रत्येकानं आपल्या वस्तीचं सरकारी इस्पितळ आणि आपल्या गावचं ग्रामीण रुग्णालय, दोन्हींची वही करायची. सर्जनची मंजूर पदं किती, भरलेली किती, भूलतज्ज्ञ आहे का, कारण भूल देणारा नसला तर सर्जन असून नसल्यासारखा. सापाचं औषध आहे का, कुत्र्याचं आहे का. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात. धर्मादाय इस्पितळाच्या दारावर जाऊन विचारा, आज निर्धनांच्या किती खाटा रिकाम्या आहेत. रुग्ण कल्याण समितीवर कोण बसलंय त्यांची नावं काढा, आणि त्यात वस्तीतला एकही का नाही ते विचारा.

आणि पुढच्या निवडणुकीला नावापुढं 'डॉ.' लावलेला माणूस दारात आला, तर हार घालू नका. खुर्ची द्या, पाणी द्या, आणि वही उघडा. विचारा: साहेब, तुमचं निदान काय? आमच्या रुग्णालयातली ही खुर्ची किती महिन्यांत भरणार? ऊसतोडीच्या बाईच्या पोटावर चाकू चालला तेव्हा तुमच्या संघटनेनं काय केलं? तुमच्या स्वतःच्या इस्पितळात निर्धनांच्या खाटा किती, आणि त्या आमच्या नावावर आहेत का तुमच्या चिठ्ठीवर? तुमच्या कॉलेजात आमची पोरगी शिकायला आली तर ती जिवंत परत येईल, याची हमी कोण देणार?

उत्तर दिलं तर ऐकून घ्या, लिहून घ्या, सही घ्या. नाही दिलं, तर त्यांना सांगा की ओतूरच्या शेतकऱ्यांनी सव्वाशेहून जास्त वर्षांमागं, सत्यशोधकांच्या काळात, भटाशिवाय लग्नं लावली होती. भट कोर्टात गेला तरी ते हटले नाहीत. मधल्या माणसावाचून आमचं अडत नाही, हे या तालुक्याला तेव्हापासून ठाऊक आहे. देव आणि माणसाच्या मधला पुरोहित आम्ही काढला. आता रोगी आणि औषधाच्या मधला काढायचाय, मग तो पांढऱ्या अॅप्रनमध्ये असो नाहीतर पांढऱ्या खादीत.

आम्हाला चिठ्ठी नको. आम्हाला सर्जन पाहिजे, रुग्णालयात, ड्युटीवर, रात्री दोन वाजता.

जयभीम.